बसलं म्हणजे जुळलं?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी दोघा-तिघांनी 'काका, तब्येत बरी आहे ना?' अशी चौकशी केली, त्यांचे आभार. तब्येत ठणठणीत आहे. लिहिणं थांबलं होतं ते घरातला कॉम्प्युटर उघडा पडला होता म्हणून. उघडा म्हणजे अक्षरशः उघडा, आतडी बाहेर. त्याचीच ही हकीकत, आणि त्यानिमित्ताने थोडा इतिहास. चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, ती खोड काही जात नाही. न्यू जर्सीच्या लेकीला यातलं निम्मं ठाऊक आहे. उरलेलं निम्मं तिला इथेच कळेल. तिने कृपया शेवटपर्यंत वाचावं आणि मगच फोन करावा.

तर झालं असं, की आमची नात थ्री-डी ॲनिमेशनचं काम करते. रात्री झोपताना कॉम्प्युटरला कामाला जुंपायचं आणि सकाळी उठून किती चित्रं 'रेंडर' झाली ते बघायचं, असा तिचा धंदा. घरातला कॉम्प्युटर २०१८ सालचा. दिवसा त्याच्यावर ती आणि संध्याकाळी मी. बिचारा दमला होता. तिने स्वतःच्या कमाईतून नवा घ्यायचं ठरवलं. मला वाटलं, दुकानात जाईल आणि एक चांगलासा डबा उचलून आणेल. छे! महिनाभर ती वही घेऊन बसली होती. हो, चक्क वही. डाव्या बाजूला वस्तू आणि उजव्या बाजूला एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपात : हे त्याला चालतं का?

मी म्हटलं, "अगं, पत्रिका जुळवतेस की काय?"

म्हणाली, "आजोबा, पत्रिका परवडली. तिथे छत्तीसातले अठरा जुळले तरी लग्न लागतं. इथे छत्तीसच्या छत्तीस लागतात."

मग एका रविवारी जेवणाच्या टेबलावर खोकीच खोकी मांडली गेली. प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा, रॅम तिसरीची, ग्राफिक्स कार्ड चौथीचं, एसएमपीएस पाचवीचा, कॅबिनेट सहावीचं... आणि हे सगळं एकमेकांत बसणार! मी गंमत बघत उभा होतो आणि मनात आलं, हे असं बसतं तरी का? एका कंपनीच्या स्कूटरला दुसऱ्या कंपनीचा कार्ब्युरेटर बसवून बघा. मिक्सरच्या भांड्याचं झाकणसुद्धा दुसऱ्या मिक्सरला लागत नाही. मग इतक्या महागड्या, इतक्या नाजूक यंत्राला हा उदारपणा आला कुठून?

शोधायला गेलो तर कळलं की तो उदारपणा नव्हताच मुळी. ती घाई होती.

मोठ्या कॉम्प्युटरच्या जमान्यात सगळा कारभार एकछत्री असायचा. यंत्र आयबीएमचं, दुरुस्ती त्यांची, पुष्कळदा यंत्र भाड्याने आणि मालकीही त्यांचीच. आपल्याकडेही तसंच होतं. पुढे फेरा कायद्याखाली भांडवलातला वाटा कमी करायची वेळ आली तेव्हा १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला. तिकडे अमेरिकेत मात्र ॲपलसारख्या पोरसवदा कंपन्यांचे छोटे कॉम्प्युटर विकले जाऊ लागले आणि थोरल्या घराला जाग आली. १९८० मध्ये बिल लो नावाच्या अधिकाऱ्याने वरिष्ठांना सांगितलं, एका वर्षात छोटा कॉम्प्युटर करून दाखवतो. आयबीएममध्ये एका वर्षात म्हणजे अशक्यच. तिथे प्रत्येक वस्तू घरात घडवायची रीत. मग फ्लॉरिडात बोका रॅटन इथे एक छोटी तुकडी बसवली, डॉन एस्ट्रिज हा तिचा म्होरक्या झाला आणि त्यांनी रीत मोडली. प्रोसेसर इंटेलचा घेतला, चालवणारी प्रणाली मायक्रोसॉफ्टकडून, प्रिंटर एप्सनचा. फ्लॉपी ड्राइव्ह टँडन कंपनीचे. या कंपनीचे संस्थापक जुगी टंडन हे जन्माने भारतीय. म्हणजे त्या पहिल्या डब्यात आपलाही एक पाहुणा होता म्हणायचा!

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएम पीसी बाजारात जाहीर झाला. किंमत १,५६५ डॉलर, मेमरी १६ केबी. एमबी नव्हे, जीबी तर नव्हेच, केबी. आत पाच रिकाम्या खाचा ठेवलेल्या, त्यांत कुणीही कार्ड बनवून घालावं. आणि ते बनवता यावं म्हणून आयबीएमने जाडजूड तांत्रिक पुस्तक छापलं. त्यात सगळ्या जोडण्यांच्या आकृत्या होत्या, इतकंच काय, यंत्र सुरू होताना जो कार्यक्रम आधी जागा होतो, ज्याला बायोस म्हणतात, त्याची ओळ न् ओळ छापलेली होती. किल्ल्याचा नकाशाच छापून वाटायचा म्हणजे काय हो! पण त्यात एक मेख होती. बायोसवर कॉपीराइट होता. बाकी सगळा माल बाजारात कुणालाही मिळेल, पण बायोस जसाच्या तसा उचलाल तर कोर्टात खेचू.

इथे गोष्ट रंगते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेले तिघे, रॉड कॅनिअन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो, यांनी १९८२ मध्ये ह्यूस्टनला कॉम्पॅक कंपनी काढली. पहिल्या यंत्राचा आराखडा 'हाऊस ऑफ पाइज' नावाच्या हॉटेलात, ताटलीखालच्या कागदावर काढला होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं : आयबीएम पीसीवर जे चालतं ते सगळंच्या सगळं आमच्या यंत्रावर चाललं पाहिजे. मग बायोसचं काय? त्यांनी युक्ती अशी केली की माणसांचे दोन गट पाडले. एका गटाने आयबीएमचा बायोस वाचायचा आणि तो काय काय करतो एवढंच कागदावर उतरवायचं, कसं करतो ते नाही. दुसऱ्या गटात अशीच माणसं घ्यायची ज्यांनी मूळ बायोस कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही. त्यांनी तो कागद वाचून स्वतःच्या डोक्याने नवा बायोस लिहायचा. मला हे वाचताना आमच्या शाळेतल्या परीक्षा आठवल्या. कॉपी करणाऱ्या पोरांनी एवढे कष्ट घेतले असते तर पहिल्या वर्गात पास झाली असती!

ते कॉम्पॅकचं यंत्र सुमारे १३ किलोचं, शिलाई मशीनच्या पेटीसारखं दिसणारं, आणि त्याला म्हणायचे पोर्टेबल. १९८३ या पहिल्या वर्षात कंपनीने ११ कोटी १० लाख डॉलरची विक्री केली. पुढच्या वर्षी फीनिक्स नावाच्या कंपनीने असाच दोन गटांचा खटाटोप करून बायोस तयार केला आणि तो कुणालाही विकायला काढला. झालं! आता बायोसही बाजारात मिळू लागला. आयबीएमच्या हातात राहिली ती फक्त पाटी.

एस्ट्रिज बिचारा हे सगळं फार काळ बघायला राहिला नाही. २ ऑगस्ट १९८५ ला डॅलसच्या विमान अपघातात तो आणि त्याची पत्नी दोघंही गेले.

आयबीएमने किल्ला परत घ्यायचा प्रयत्न केला नाही असं नाही. १९८७ मध्ये त्यांनी पीएस/२ नावाची नवी मालिका आणली. तिच्यातल्या खाचा वेगळ्याच, मायक्रो चॅनेल नावाच्या. जुनी कार्डं त्यांत बसत नव्हती, आणि इतरांना त्या वापरायच्या तर आयबीएमला पैसे मोजायचे. खाच चांगली होती म्हणतात, वेगवान होती. पण १९८८ मध्ये कॉम्पॅकला पुढे घालून नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी आपली खाच जाहीर केली, जिच्यात जुनी कार्डंही चालत. पुढे १९९२ मध्ये इंटेलची पीसीआय आली आणि या दोन्ही हळूहळू अडगळीत गेल्या. पण कुणा एकाच्या मर्जीने खाच बदलायची नाही, हा पायंडा तेव्हा पडला. पुरंदरच्या तहात किती किल्ले दिले ते मी पोरांकडून वर्षानुवर्षं घोकून घेतलं (२३, विसरला असाल तर). पण आपल्या टेबलाखालच्या डब्यात अशा डझनभर तहांची कलमं नांदताहेत हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं.

या तहाचा फायदा आपल्याला किती झाला ते विचारू नका. आयबीएमचा, कॉम्पॅकचा अख्खा डबा मध्यमवर्गीयांना कुठला परवडणार? पण सुटे भाग येऊ लागले. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, आमच्या पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. तिथल्या पोरांनी भाग जोडून 'असेंबल्ड' कॉम्प्युटर घराघरांत पोचवले. १९८४ च्या नव्या धोरणाने आयातीची दारं किलकिली झाली आणि १९९७ च्या माहिती तंत्रज्ञान करारानंतर जकातही टप्प्याटप्प्याने उतरली, पण ग्राहकाच्या दारात यंत्र आणलं ते या स्क्रू ड्रायव्हरवाल्या पोरांनीच. 'ब्रँडेड घ्यायचा की असेंबल्ड' हा वाद एके काळी 'मुलीला सायन्सला घालायचं की कॉमर्सला' इतकाच जोरात चालायचा, आठवतं ना?

माझा स्वतःचा पहिला कॉम्प्युटर असाच असेंबल्ड. २००८ साली, निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून घेतलेला. बरहा टाकून मराठी टंकायला शिकलो ते त्याच्यावरच. २ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क. दुकानदार म्हणाला होता, "सर, ही डिस्क तुम्हाला जन्मभर पुरेल." जन्मभर नाही, पण यंत्र मोडीत गेल्यावरही डिस्क राहिली. २०१८ च्या कॉम्प्युटरमध्ये ती बसली, बिनतक्रार चालली. आता ती तिसऱ्या घरात जायची होती. या डिस्कवर लक्ष ठेवा, पुढे तिचंच सगळं आहे.

नातीच्या वहीकडे परत येतो. सगळ्यात जास्त पानं प्रोसेसरवर खर्ची पडली होती, आणि त्याला कारणही इतिहासच. नव्वदीच्या मध्यापर्यंत 'सॉकेट ७' नावाच्या एकाच बैठकीवर इंटेल, एएमडी, सायरिक्स सगळ्यांचे प्रोसेसर बसायचे. १९९७ मध्ये इंटेलने पेंटियम टू आणला तो वेगळ्याच खाचेतला, आणि ती खाच दुसऱ्या कुणाला दिली नाही. तिथून दोन घराणी झाली. आज बोर्ड घेताना आधी घराणं ठरवावं लागतं, मग घराण्यातली पिढी. इंटेलची बैठक २०२१ मध्ये १७०० टाचण्यांची होती, २०२४ मध्ये १८५१ ची झाली, म्हणजे प्रोसेसर बदलला की बोर्डही बदला. एएमडीची एएम४ ही बैठक मात्र २०१६ पासून २०२२ पर्यंत मुख्य राहिली. मे २०२० मध्ये कंपनीने जाहीर केलं की पुढच्या पिढीचे प्रोसेसर ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत, बायोसच्या चिपमध्ये तेवढी जागा नाही. ज्यांनी भरवशावर बोर्ड घेतले होते ते खवळले. एवढा गिल्ला झाला की त्याच महिन्यात कंपनीने शब्द फिरवला. ग्राहकांनी ओरडून तह पाळायला लावल्याचं हे उदाहरण मला फार आवडलं. नातीने एएम५ घेतलं ते यामुळेच. ही बैठक २०२७ पर्यंत तरी चालवू असं कंपनीने सांगितलंय. प्रोसेसर घेतला रायझन ९ मधला ९९५०एक्स, १६ कोअरचा.

बोर्ड निवडताना तिने एक गोष्ट दाखवली ती मी कधी ऐकलीही नव्हती. बोर्डावर खाचा दिसतात पाच, पण प्रोसेसरमधून बाहेर पडणाऱ्या वाटा मोजक्याच. काही बोर्डांवर दुसऱ्या जागी वेगवान एसएसडी घातली की ग्राफिक्स कार्डाच्या १६ वाटांच्या ८ होतात. खोक्यावर हे मोठ्या अक्षरात लिहीत नाहीत, पुस्तिकेत तळटीप असते. तिने चार बोर्डांच्या पुस्तिका उतरवून घेऊन तळटिपा वाचल्या होत्या. पोरगी माझीच नात, म्हटलं.

रॅमचंही असंच. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हीला टाचण्या २८८, पण मधली खाच किंचित सरकवलेली, म्हणजे चुकीच्या जागी बसूच नये. हा जेडेक नावाच्या संस्थेचा तह, बायकाच काय, आमच्यासारखे धसमुसळे पुरुषही चुकू नयेत म्हणून केलेला. तिचा आधी चार पट्ट्या घालायचा बेत होता. मग कळलं की या घराण्यात चार पट्ट्या घातल्या की अधिकृत वेग ५६०० वरून ३६०० पर्यंत खाली येतो. तेव्हा ४८ जीबीच्या दोनच घेतल्या. बरं झालं दिवाळीच्या आधी घेतल्या. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी अशी ओढून घेतली की भाव ऐकून आमच्या मुलाने कानाला हात लावले.

विजेचं गणित मला थोडं समजलं, कारण ते आकड्यांचं. १९८१ च्या अख्ख्या आयबीएम पीसीचा एसएमपीएस ६३.५ वॅटचा होता. हिचं एकटं ग्राफिक्स कार्ड ३६० वॅटचं. प्रोसेसर रंगात आला की २३० वॅट. म्हणून एसएमपीएस घेतला १००० वॅटचा. ग्राफिक्स कार्डाला जी सोळा टाचण्यांची वायर लागते तिचीही एक कथा आहे. ती ६०० वॅट वाहू शकते असं ठरलंय. ६०० वॅट १२ व्होल्टवर म्हणजे ५० अँपिअर! आपल्या गिझरचा प्लग १६ अँपिअरचा असतो, यावरून काय ते ओळखा. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० आलं तेव्हा या जोडणीची टोकं वितळल्याचे फोटो जगभर फिरले. पुष्कळदा कारण निघालं ते वायर पूर्ण आत न ढकलल्याचं. मग २०२३ मध्ये जोडणीत सुधारणा झाली, काही टाचण्या आखूड केल्या, म्हणजे वायर अर्धवट बसली असेल तर कार्ड पूर्ण वीज मागणारच नाही. नातीने ती वायर बसवली आणि मला टॉर्च धरायला लावून चारी बाजूंनी पाहिली.

माझ्याकडे स्क्रूंचं खातं होतं. त्यात दोन जाती असतात, एक जाड आट्यांचे आणि एक बारीक आट्यांचे. मोठ्या हार्ड डिस्कला इंचाच्या मापाचे लागतात आणि छोट्या एसएसडीला मिलिमीटरच्या. अमेरिकेचा इंच आणि युरोपचा मीटर यांचं भांडण अजून एका डब्यात मिटलेलं नाही! मी दोन वाट्यांत ते वेगळे ठेवले.

रविवारी रात्री यंत्र सुरू केलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळा. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन... सूनबाई देवाजवळ गेली. नात म्हणाली, "थांबा, पहिल्यांदा सुरू होताना मेमरीची तालीम चालते." आणि खरंच थोड्या वेळाने पडद्यावर अक्षरं उमटली. टाळ्या झाल्या, आइस्क्रीम झालं.

आता सोमवार. नात दुसऱ्या बाजूने कॅबिनेटच्या बारीक वायरी बांधत होती. माझी डिस्क तेवढी बसायची राहिली होती. मी विचारलं, "डिस्कची वायर मी लावू का?"

"लावा की आजोबा. ती एकाच बाजूने बसते."

नव्या एसएमपीएसच्या वायरी पिशवीत, पिशवी खोक्यात, खोकं माळ्यावर गेलेलं. आणि जुन्या एसएमपीएसची वायर समोर टेबलावर, रबरबँड लावलेली. दोन्ही एसएमपीएस एकाच कंपनीचे, मॉडेल तेवढं वेगळं. मी वायर घेतली, एक टोक डिस्कमध्ये, दुसरं टोक एसएमपीएसमध्ये. टक्कन बसलं. इतकं छान बसलं की मला अभिमानच वाटला. महिनाभर ऐकत होतो ना, खाच जुळली की सगळं जुळलं.

बटण दाबलं. पंखा अर्धा फेरा फिरून थांबला आणि एक जळका वास आला. फार नाही, उदबत्तीच्या टोकाएवढा.

१९०४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत बाल्टिमोर शहराला मोठी आग लागली होती. वॉशिंग्टनहून, फिलाडेल्फियाहून बंब धावून आले. पण त्यांच्या नळांचे आटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांना लागेनात. बंब उभे, पाणी आहे, माणसं आहेत, आणि दीड हजाराहून जास्त इमारती जळून गेल्या. हा प्रसंग मी वर्गात सांगायचो, एकी नसली की काय होतं ते शिकवायला. त्यांचं निदान बसलं तरी नाही. माझं बसलं, हीच तर फसगत.

नंतर वाचलं ते असं. एसएमपीएसच्या वायरीचं जे टोक डिस्ककडे, बोर्डाकडे जातं त्याचा तह झालेला आहे, जगात कुठेही तीच रचना. पण सुटी काढता येणारी वायर असेल तर तिचं एसएमपीएसकडचं टोक कुठल्याही तहात नाही. कंपनीगणिक वेगळं, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत वेगळं. आकार तोच, आतला क्रम निराळा. माझ्या वायरीने ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट पोचवले होते. कॉम्प्युटर जोडणाऱ्या अनुभवी मंडळींना हे पाठ असतं. नातीलाही ठाऊक होतं. तिला फक्त हे ठाऊक नव्हतं की आजोबांनी कुठली वायर उचलली. "मी बघायला हवं होतं" असं ती म्हणत राहिली आणि मी "वायर मी उचलली" असं म्हणत राहिलो, आणि सूनबाई दोघांना पाणी देत राहिली.

त्या डिस्कवर काय होतं ते आता सांगतो. २००९ मध्ये लेक अमेरिकेला गेली तेव्हा आमच्या हिने तिच्यासाठी पदार्थांची प्रमाणं आवाजात भरून ठेवली होती. लिहायचा कंटाळा, आणि "वाचून स्वयंपाक येत नाही" हे तिचं मत. मी माइक धरायचो, ती बोलायची. भाजणी, गोडा मसाला, उपवासाचं लिंबाचं लोणचं... अशी बावीस. तेव्हा लेकीला त्यांतली चार-पाच मेलने पाठवली होती, बाकी फाइली मोठ्या म्हणून राहून गेल्या. ही २०१६ मध्ये गेली. त्यानंतर मी 'पेनड्राइव्हवर घेऊ, घेऊ' म्हणत राहिलो. इतिहासाचा मास्तर, दस्तऐवजाची दुसरी प्रत ठेवावी हे सांगणारा! त्या रात्री मी जेवलो नाही. लेकीचा फोन आला तेव्हा कॉम्प्युटर छान झाला एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नात मला घेऊन बुधवारात गेली. जिन्याखालच्या एका खोलीत तिच्याच वयाचा एक मुलगा बसतो, भिंगाचा दिवा लावून. त्याने डिस्क उलटी केली, हिरव्या पट्टीवर मीटरची टोकं लावली आणि हसला. "काका, दैव चांगलं आहे." पट्टीवर तांदळाएवढे दोन काळे तुकडे असतात. त्यांना टीव्हीएस डायोड म्हणतात. जास्त व्होल्ट आले की ते स्वतः आडवे पडतात, वाट बंद होते, आणि एसएमपीएस धोका ओळखून स्वतःला बंद करून घेतो. पाच व्होल्टकडचा डायोड मेला होता, त्याने बाकीचं वाचवलं होतं. मुलाने गरम चिमट्याने तो उचलून बाजूला ठेवला, डिस्कला वीज दिली आणि कानाशी धरली. मग माझ्या कानाशी धरली. फिरत होती.

"आता हिला पहारेकरी नाही," तो म्हणाला, "एकदा कॉपी काढा आणि निवृत्त करा." चहाचे पैसे घेतल्यासारखे पैसे घेतले त्याने.

कॉपी करायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ मी आणि नात पडद्यावरच्या हिरव्या पट्टीकडे बघत बसलो होतो. मग तिने भाजणीची फाइल लावली. तिला आजीचा आवाज आठवतो तो आजारपणातला. हा आवाज बासष्ट वर्षांच्या धडधाकट बाईचा होता. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, बाजरी, धणे नीट सांगून झाले, आणि शेवटी, माइक बंद व्हायच्या आधी, "हे बंद कसं करायचं हो?"

जुन्या एसएमपीएसच्या वायरी आता त्याच्या खोक्यातच चिकटपट्टी लावून ठेवल्या आहेत, वर लाल अक्षरात मॉडेलचं नाव. हिच्या फाइली तीन ठिकाणी आहेत, त्यातली एक प्रत धाकट्या भावाकडे साताऱ्याला.

आणि न्यू जर्सीला कळवायचं ते असं, की बावीसच्या बावीस शाबूत आहेत, नातीने काल रात्रीच सगळ्या तुला पाठवल्या आहेत. आता कर फोन.